हे दोघे एकच आहेत का?

मोंगूच्या कचेरीत माझं काम साधं होतं.
पडद्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी उभ्या राहायच्या,
खाली प्रश्न: हे दोघे एकच आहेत का?
हो. नाही.
मी बहुतेक वेळा हो म्हणायचो.

कारण झांबेझीला पूर आला
की इथली गावंच्या गावं होडीत बसतात
आणि काठाच्या उंचवट्यावर जाऊन राहतात.
तिथल्या दवाखान्यात मूल नव्यानं जन्मतं:
आजीनं सांगितलेलं नाव, मामाचं आडनाव,
तारीख अंदाजे, मका कापणीला आला होता तेव्हाची.
पाणी ओसरलं की सगळे परत खाली.
मग पडद्यावर दिसायची दोन मुलं, अर्धी अर्धी लस घेतलेली,
आणि जमिनीवर एकच, शेंबडं, पूर्ण, मजेत.
मी दोन अर्ध्यांचा एक करायचो.
बरं वाटायचं, खरंच.

शिवाय टक्का चढायचा.
एकाहत्तर. शहात्तर. त्र्याऐंशी.
छेद लहान केला की अपूर्णांक आपोआप फुगतो,
हे शाळेत शिकलो होतो.
विसरलोही होतो.
साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात लिम्पोच्या मुली समोर आल्या.
सेपो. सेपिसो.
आई तीच, तारीख तीच, वस्ती तीच,
नावात एवढासा फरक.
कुणाची तरी घाईची बोटं, म्हटलं मी,
आणि हो दाबलं.
आमच्या भाषेत सेपो म्हणजे आशा, सेपिसो म्हणजे वचन.
तेव्हा हे मनात आलं नाही.
तेव्हा जेवायची वेळ झाली होती.

नासिलेले आली चार महिन्यांनी.
अर्धा दिवस होडी, मग माशांच्या ट्रकमध्ये मागे बसून.
तिनं टॅबलेट माझ्या टेबलावर ठेवला, शेजारी वही,
प्लास्टिकच्या पिशवीतली, पुठ्ठा भिजून फुगलेला.
"तुझं यंत्र म्हणतं, गोवराच्या यादीत लिम्पोची एक मुलगी.
माझ्या वहीत दोन आहेत.
मी दोघींना कडेवर घेतलंय. तू?"

मी गेलो तिच्याबरोबर.
लव्हाळ्यांतून होडी, गुडघ्यांत घट्ट धरलेली शीतपेटी,
दर वळणाला ती झाकणावर हात ठेवून बघायची,
ताप बघावा तसा.
लिम्पोच्या दारात एक मुलगी रडत होती,
दुसरी वाळत घातलेल्या जाळ्याची दोरी चघळत बसलेली.
चघळणारी ती.
माझ्याकडे बघून तिनं दोरी आणखी आत घातली.

"हे कोण?" लिम्पोनं विचारलं.
"कॉम्प्युटरवर काम करतात," नासिलेले म्हणाली,
आणि पुढचं काही बोलली नाही.
तिनं सुई भरली.
लिम्पोनं मला बसायला स्टूल दिलं.
मी उभाच राहिलो.

रेंज फक्त वारुळावर चढल्यावर मिळते.
चढलो. तोच प्रश्न उघडला.
नाही दाबलं.
चक्र फिरत राहिलं बराच वेळ,
खाली दोन्ही मुली एका सुरात रडत होत्या,
आणि त्या सुरातही, कान देऊन ऐकलं तर,
एकीचा आवाज घोगरा होता.

आता रोज संध्याकाळी मी माझे जुने हो उघडतो.
सहाशे बारा आहेत.
बरेचसे खरे होते. सगळे नव्हते.
टक्का एकोणऐंशीवर आलाय
आणि साहेब जिन्यात भेटले तर घड्याळ बघतात.
फोन लागत नाहीत, म्हणून वह्या मागवतो,
होडीनं, ट्रकनं, कुणाच्या तरी भावाच्या हाती.
नासिलेलेच्या वहीत परवा समासात पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं:
सेपोला दात आला, वरचा.
आमच्या फॉर्मात याला रकाना नाही.
मी ते शेऱ्यात भरलं.